परिषद लोणावळ्यात, मुक्काम लोहगडवाडीत

लोणावळ्याला परिषदांचा तोटा नाही. डॉक्टरांची अधिवेशनं, प्राध्यापकांची चर्चासत्रं, कंपन्यांच्या वार्षिक बैठका, योगाभ्यासाची शिबिरं. पावसाळा असो की हिवाळा, गावातल्या कुठल्या ना कुठल्या सभागृहाबाहेर स्वागताचा फलक लागलेला असतोच. मुंबईकर आणि पुणेकर दोघांनाही गाव सोयीचं, हवा थंड, राहण्याजेवण्याची व्यवस्था चोख. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथे कैवल्यधामाची स्थापना केली. तेव्हापासून देशोदेशीचे अभ्यासकही या गावाची वाट चालत आले आहेत.

आलेल्या पाहुण्यांचा कार्यक्रम मात्र ठरलेला असतो. दिवसभर सभागृह, संध्याकाळी एखादा पॉइंट, वाटेत चिक्कीचे पुडे आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. ज्या डोंगरांच्या सावलीत त्यांची चर्चा रंगलेली असते, त्या डोंगरांत काय आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. कार्यक्रमपत्रिकेत चहाची वेळ छापलेली असते. भाज्याचं लेणं आणि लोहगड यांचं नावही नसतं.

एका चर्चासत्राच्या निमित्ताने मी लोणावळ्याला गेलो, सत्रं आटोपल्यावर परतणं पुढे ढकललं आणि लोहगडाच्या पायथ्याच्या लोहगडवाडीत मुक्काम केला. तिथे राहून जे पाहिलं आणि त्याआधी-नंतर जे वाचलं, त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. लोणावळ्यात आज आपण जिथे बैठका भरवतो, ती दोन हजार वर्षं वाहत असलेल्या एका वाटेवरची जागा आहे. लेणी, किल्ला, घाटरस्ता, रेल्वे, द्रुतगती महामार्ग ही सगळी त्या एकाच वाटेची अपत्यं. लोहगड एकटा पाहिला तर तो सहलीचा डोंगर वाटतो. वाटेसकट पाहिला, तर महाराष्ट्राचा इतिहास उलगडत जातो.

पाहुण्याला गाव दाखवण्याची रीत

आलेल्या पाहुण्याला आपलं गाव दाखवायची रीत जगात काही शहरांनी नीट बसवली आहे. अमेरिकेतलं फिलाडेल्फिया घ्या. ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्या इमारतीत संमत झाला, तिथेच १७८७ च्या उन्हाळ्यात ५५ प्रतिनिधी बसले आणि त्यांच्या वादविवादातून १७ सप्टेंबरला अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या. म्हणजे त्या शहराचा इतिहास हाच मुळी एका परिषदेचा इतिहास. इंडिपेन्डन्स हॉल ही ती इमारत १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आजच्या अधिवेशन केंद्रातून तिथे पायी जाता येतं. शहरात कुठल्याही विषयाच्या अधिवेशनासाठी आलेला माणूस ती वास्तू पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही, कारण शहरच त्याला तिकडे घेऊन जातं.

मराठी माणसाला त्या शहराची आठवण आणखी एका कारणाने असते. आनंदीबाई जोशी १८८३ साली तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्या पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. आपल्याकडून तिकडे जाणारे आजही या खुणा आवर्जून शोधतात. परदेशात गेल्यावर आपण जी उत्सुकता दाखवतो, तीच लोणावळ्यात उतरल्यावर का दाखवू नये? लोणावळ्याभोवतीच्या मावळात पाहण्यासारखं इतकं आहे की, एक सबंध दिवस पुरत नाही.

आधी वाट, मग किल्ला

कोकणातून देशावर चढायला सह्याद्रीने मोजक्याच जागा सोडल्या आहेत. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांत उतरलेला माल जुन्नर, पैठण, तेरसारख्या बाजारपेठांत न्यायचा, तर घाट चढण्यावाचून इलाज नव्हता. उत्तरेकडे नाणेघाट होता, इकडे बोरघाट. घाटमाथ्यावर पोचलं की समोर इंद्रायणीचं रुंद खोरं मोकळं होतं. बैलांचे तांडे विसावा घेत, पाणी पीत पूर्वेकडे निघायचे. ज्या खोऱ्यातून व्यापार वाहतो, तिथे धर्मही मुक्काम करतो आणि राज्यसत्ताही. या खोऱ्याच्या दोन्ही अंगांना लेणी का आहेत आणि डोंगरमाथ्यांवर किल्ले का आहेत, याचं उत्तर या वाटेत आहे.

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालं की लोकलचं पुढचं स्टेशन मळवली. मावळाचा नकाशा डोळ्यांनी वाचायचा असेल, तर याहून चांगली जागा नाही. उत्तरेला कार्ल्याचा डोंगर, दक्षिणेला भाज्याची लेणी, त्यांच्या माथ्यावर विसापूरची लांबलचक तटबंदी आणि तिच्या पश्चिमेला लोहगड. मधल्या सपाटीत इंद्रायणी, रेल्वेचे रूळ, जुना मुंबई-पुणे रस्ता आणि द्रुतगती महामार्ग. भाज्याकडे चालत निघालं की पुलावरून हा महामार्ग ओलांडावा लागतो. खाली गाड्यांचा अखंड लोंढा आणि समोर इसवी सनापूर्वीचं लेणं. एकाच वाटेची दोन टोकं तिथे एका नजरेत दिसतात.

भाजे : दगडात कोरलेलं लाकूडकाम

पाहण्याची सुरुवात भाज्यापासून करावी. इथे एकूण २२ लेणी आहेत. त्यांतलं १२ क्रमांकाचं चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं, पश्चिम भारतातल्या सर्वांत जुन्या चैत्यगृहांपैकी एक. पायऱ्या चढून वर गेलं की दगडी कमान समोर येते आणि आत २७ अष्टकोनी खांबांची रांग स्तूपाला वळसा घालून जाते.

या खांबांपाशी थोडा वेळ उभं राहा. ते सरळ नाहीत. प्रत्येक खांब वरच्या बाजूला किंचित आत कललेला आहे. खडक कोरून केलेल्या खोलीला खांबांच्या आधाराची गरज नसते. छत म्हणजे अखंड डोंगरच. मग कल कशासाठी? त्या काळी अशा वास्तू लाकडाच्या बांधत. कमानदार लाकडी छपराचा भार खांबांना बाहेर रेटतो, म्हणून सुतार खांब आत कलवून रोवत. दगड कोरणाऱ्या कारागिराने लाकडी वास्तूचं ते रूप जसंच्या तसं दगडात उतरवलं. त्याच्या पुढे जाऊन छताला आतून खरोखरीच्या सागवानी फासळ्या बसवल्या. त्या लाकडांवर ब्राह्मी अक्षरंही सापडली आहेत. इतकं जुनं लाकूडकाम मूळ जागी टिकून राहावं, हे आपलं भाग्यच.

बाजूला भिक्षूंचे स्मारकस्तूप दाटीने उभे आहेत. एकूण १४. काहींवर दिवंगत स्थविरांची नावं कोरलेली. पुढे धबधब्याच्या बाजूला गेलं की एक विहार लागतो, तिथलं शिल्पकाम मात्र अगदी वेगळ्या वळणाचं. ओसरीत दरवाजाच्या एका अंगाला चार घोड्यांच्या रथातला सूर्य, त्याच्या रथाखाली चिरडलेले असुर. दुसऱ्या अंगाला हत्तीवर स्वार झालेला इंद्र. काही अभ्यासक या शिल्पांचा अर्थ निराळा लावतात, पण सूर्य-इंद्र हीच ओळख रूढ आहे. तिथेच एक स्त्री उभे तालवाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. तबल्याच्या इतिहासावर चर्चा निघाली की जाणकार या शिल्पाचा दाखला देतात.

भाज्यातल्या एका पाण्याच्या टाक्यावर लेख आहे. कौशिकीपुत्र विष्णुदत्त नावाच्या महारथीने हे टाकं दान दिलं, असं तो सांगतो. पवन मावळातल्या बेडश्याच्या लेण्यातही सामडिनिका नावाच्या महारठिनीचं दान नोंदलेलं आहे. सातवाहन काळात या भागावर अंमल गाजवणाऱ्या घराण्यांतली ही माणसं. पाण्याचं टाकं दान करण्यात त्यांना मोठेपणा वाटत होता, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

कार्ले : देणगीदारांची सभा

मळवलीच्या उत्तरेला कार्ल्याचं महाचैत्यगृह. लांबी सुमारे ३८ मीटर, आत ३७ खांब. दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा खांब घटाच्या बैठकीचे, वर हत्तींवर बसलेली जोडपी. स्तूपामागचे सात मात्र साधे. स्तूपावरची लाकडी छत्री आणि छताच्या लाकडी फासळ्या अजून जागेवर आहेत. प्रवेशापाशी एकवीरा आईचं देऊळ. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा अनेक समाजांची ती कुलदेवता. चैत्रातल्या यात्रेला कोकणपट्टीतून पालख्या घाट चढून येतात. वाट तीच, निमित्त बदललं.

कार्ल्यात खरं पाहायचं ते खांबांवरचं लेखन. दानाचे हे लेख वाचले की त्या काळी इथे कोण कोण आलं होतं, हे कळतं. हे लेणं पूर्ण करणारा भूतपाल श्रेष्ठी वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा. जंबुद्वीपातलं हे सर्वोत्तम शैलगृह, असं त्याने अभिमानाने कोरून ठेवलं. दाराशी सिंहस्तंभ उभारणारा अग्निमित्र महारथी. प्रवेशद्वाराचं दान देणारा सिंहदत्त सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. सामी नावाच्या सुताराने आपलं नाव कोरलं आहे. सोपाऱ्याहून आलेला एक भाणक, म्हणजे धर्मग्रंथांचं पठण करणारा भिक्षू. आणि धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे परदेशी, एक नव्हे, अनेक. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंसाठी गाव दान दिलं. पुढे राज्य सातवाहनांकडे आल्यावर ते दान भिक्षूंकडे चालू राहील, अशी व्यवस्था नव्या सत्तेने केली.

राजा, व्यापारी, सुतार, परदेशी, भिक्षू, अशा सगळ्यांनी एका कामाला हात लावला आणि प्रत्येकाचं नाव नोंदलं गेलं. लोणावळ्याच्या परिसरात नाना प्रांतांची माणसं एकत्र येण्याची ही रीत इतकी जुनी आहे.

गायमुख खिंडीतून वाडीवर

भाज्यातून वर चढणारी वाट विसापूर आणि लोहगड यांच्यामधल्या गायमुख खिंडीत पोचते. खिंडीतून डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड आणि लोहगडाच्या पायथ्याशी लोहगडवाडी. डांबरी रस्ता वाडीपर्यंत आहे. पवना धरणाच्या बाजूने दुधिवरे खिंडीतूनही येता येतं.

वाडीत भातशेती आणि गडावर येणाऱ्यांची व्यवस्था या दोन गोष्टींवर संसार चालतात. पावसाळ्यात खाचरं चिखलाने भरतात आणि आवणीला घरातलं माणूसन् माणूस लागतं. मावळच्या इंद्रायणी तांदळाचा वास ज्याने एकदा घेतला, त्याला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात हा वाण तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. वाडीतल्या जेवणात तो भात, त्याबरोबर पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा आणि ताक.

पहाटे वाडीतून बाहेर पडलं की गडाचा कातळ अगदी अंगावर येतो. दिवस उजाडायच्या आत चढायला लागावं. पाऊण-एक तासाची चढण, पायऱ्या बांधीव. गर्दी यायच्या आधी दरवाजांपाशी निवांत थांबता येतं, आणि लोहगडावर थांबायचं ते दरवाजांपाशीच.

चार दरवाजे

गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असा हा क्रम. वाट नागमोडी, एका दरवाजातून दुसऱ्याकडे जाताना सतत दिशा बदलते. खालून सरळ पाहिलं तर पुढचा दरवाजा दिसतच नाही. शत्रू एक दरवाजा फोडून आत आला, तरी पुढच्या वळणावर त्याची पाठ किंवा कूस वरच्या तटाला उघडी पडते. हत्तीला धाव घ्यायला जागा नाही, तोफ रोखायला सरळ रेषा नाही. गडावरून खाली पाहिलं की या रचनेचं मर्म ध्यानात येतं. बुरुजांच्या कुशीतून तटबंदी सापासारखी वळणं घेत खाली उतरते आणि प्रत्येक वळणावर पहारेकऱ्याची नजर पोचते.

हनुमान दरवाजा सर्वांत जुना मानतात. बाकीचं बरंचसं बांधकाम नाना फडणवीसांच्या काळातलं, १७९० ते १७९४ च्या दरम्यानचं. नारायण दरवाजाजवळ खडकात खोदलेली कोठारं आहेत. तिथे भात आणि नाचणी साठवत. महादरवाजावर मारुतीचं शिल्प आहे. गणेश दरवाजाच्या बुरुजांविषयी एक करुण कथा परंपरेने चालत आली आहे. बुरुज उभे राहावेत म्हणून एका कुटुंबाचा बळी दिला गेला आणि त्या बदल्यात त्यांच्या वंशजांना लोहगडवाडीची पाटीलकी मिळाली, असं सांगतात. कथा खरी की नाही हे ठरवणं कठीण. पण गड बांधताना पायथ्याच्या माणसांनी काय किंमत मोजली, याची जाणीव गावाने या रूपात जपून ठेवली आहे.

वर पोचल्यावर दर्गा, शिवमंदिर, खडकात कोरलेली लक्ष्मीकोठी, त्र्यंबक तलाव आणि नानांच्या काळातलं सोळा कोनांचं तळं लागतं. पश्चिमेकडे डोंगराची एक चिंचोळी सोंड निघते, तो विंचूकाटा. सुमारे दीड किलोमीटर लांब आणि जेमतेम ३० मीटर रुंद. तिच्या टोकाला उभं राहिलं की दक्षिणेला पवनेचं पाणी, त्यापलीकडे तुंग आणि तिकोना, उत्तरेला इंद्रायणीचं खोरं आणि पश्चिमेला घाटमाथा. कल्याणकडून घाट चढणारा कारवां असो की फौज, या टोकावरच्या माणसाला चुकवून जाणं अवघड होतं.

गडाच्या कातळातल्या एका गुहेत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेखही आढळला आहे. त्याची सुरुवात अरिहंतांना वंदन करून होते आणि त्यात इंद्ररक्षित हे नाव येतं. मावळातल्याच पाले गावच्या लेण्यात अशाच धर्तीचा लेख आहे. भाज्यात बौद्ध भिक्षू राहत असताना शेजारच्या डोंगरात जैन मुनींसाठी जागा कोरल्या जात होत्या. किल्ला होण्याच्या कितीतरी आधी हा डोंगर माणसांना ठाऊक होता.

निजामशाहीपासून नानांपर्यंत

लोहगडाचा लेखी इतिहास हातात लागतो तो १४८९ पासून. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने तो घेतला. पुढे निजामशाहीचा सुलतान झालेला दुसरा बुऱ्हाण काही काळ याच गडावर कैदेत होता. १६३० मध्ये गड आदिलशाहीत गेला. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडीची मोहीम काढली, तेव्हा लोहगड-विसापूर स्वराज्यात आले. घाटमाथा हाती आल्यावर कोकणात उतरायचा रस्ता मोकळा झाला.

या रस्त्याचं मोल मोगलांना २ फेब्रुवारी १६६१ ला कळलं. कारतलबखान मोठी फौज घेऊन लोहगडाच्या दक्षिणेकडून कुरवंड्याच्या वाटेने कोकणात उतरायला निघाला आणि खाली उंबरखिंडीत महाराजांनी त्याला गाठलं. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये अरुंद वाट, पाण्याची टंचाई. खानाला शरण येऊन, जडजोखीम टाकून परत फिरावं लागलं. कुरवंडे लोणावळ्याच्या अगदी लगत आहे. परिषदेला आलेले पाहुणे नागफणीच्या कड्यावर सूर्यास्त पाहायला जातात, तो हाच परिसर.

१६६४ च्या सुरतेच्या स्वारीतली संपत्ती नेताजी पालकरांनी लोहगडावर आणून ठेवली, अशी नोंद आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात गड मोगलांना द्यावा लागला. १३ मे १६७० ला मराठ्यांनी तो परत जिंकला. १७१३ मध्ये कान्होजी आंग्रे यांनी छत्रपती शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पकडलं आणि लोहगड ताब्यात घेतला. साताऱ्यावर संकट उभं राहिलं. त्या वेळी बोलणी करायला बाळाजी विश्वनाथ पुढे आले, त्यांना पेशवाई मिळाली आणि त्यांनी कान्होजींशी सलोखा घडवून आणला. भट घराण्याच्या पेशवाईची सुरुवात या गडाभोवतीच्या पेचप्रसंगातून झाली, असं म्हणता येतं.

१७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवायला याच घाटाने वर आली. कार्ल्यापाशी मराठ्यांच्या माऱ्यात कॅप्टन स्टुअर्ट पडला. शत्रूच्या शौर्याचीही कदर करणाऱ्या मावळाने त्याला इष्टुर फाकडा म्हणून लक्षात ठेवलं. वडगावला त्याचं स्मारक आहे. पुढे वडगावला महादजी शिंद्यांनी इंग्रजांना कोंडीत पकडून तह करायला लावला.

नाना फडणवीसांचा लोहगडावर विशेष भरवसा. १७७० च्या सुमारास जावजी बोंबले यांच्याकरवी त्यांनी गड मिळवला, धोंडोपंत नित्सुरे यांना किल्लेदार नेमलं आणि आपला खजिना इथे हलवला. दरवाजे, तळं, विहीर ही सगळी कामं त्याच काळातली. नाना १८०० मध्ये वारले. त्यानंतर त्यांच्या पत्नी जिऊबाई गडावर आश्रयाला होत्या आणि नित्सुरे यांनी दुसऱ्या बाजीरावाला गड देण्यास नकार दिला. अखेर इंग्रजांच्या मध्यस्थीने गड बाजीरावाकडे गेला आणि जिऊबाई पनवेलला राहायला गेल्या. एका किल्लेदाराने धन्याच्या माघारी त्याच्या पत्नीचा आणि गडाचा सांभाळ केला, ही हकिगत लोहगडाच्या इतिहासात मानाने सांगावी अशी आहे.

शेवटही सांगायला हवा. ४ मार्च १८१८ ला लेफ्टनंट कर्नल प्रॉथरने आधी विसापूर घेतला. विसापूर लोहगडाहून उंच. तिथून तोफांचा मारा थेट लोहगडावर होतो. दुसऱ्याच दिवशी लोहगड इंग्रजांच्या हाती गेला. जोडकिल्ल्यातला एक पडला की दुसरा तरत नाही, हे गायमुख खिंडीत उभं राहून दोन्ही माथे पाहिले की लगेच पटतं.

घाट तोच, वाहन नवं

किल्ल्यांचं काम संपलं, वाटेचं संपलं नाही. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला. मग रेल्वे आली. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्येच सुरू झाली, पण घाट चढवायला १८६३ उजाडलं. सुमारे २५ किलोमीटरची चढण, २५ बोगदे आणि १,८३१ फुटांची उंची. अभियंता जेम्स बर्कले याने आखणी केली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्या आल्या आजारपणाने गेला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम पुढे नेलं. त्या कामावर हजारो मजूर राबले आणि साथींच्या आजारांत त्यांतले कितीतरी दगावले. घाटातून गाडी जाताना खिडकीबाहेर जे देखणे पूल दिसतात, ते या मजुरांचं देणं आहे.

पुढे टाटांनी वळवण, लोणावळा आणि शिरवटा इथे पाणी अडवलं आणि १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार होऊ लागली. १९३० मध्ये दख्खनची राणी धावली, २००२ मध्ये द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. या सोयींमुळेच लोणावळा परिषदांचं गाव झालं. म्हणजे आपण इथे येऊन बसतो, तेही या घाटाच्याच जोरावर.

जागतिक वारसा आणि आपली जबाबदारी

११ जुलै २०२५ ला पॅरिसमध्ये जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये या नावाने १२ किल्ल्यांची नोंद झाली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. भारतातलं हे ४४ वं वारसास्थळ. या नोंदीत सुट्या तटबुरुजांपेक्षा भूदृश्याला महत्त्व आहे: डोंगर, वाट, खोरं आणि तिथली माणसं यांना धरून किल्ल्याची रचना कशी उभी राहिली, याला. लोहगड वाटेसकट पाहावा असं मी सुरुवातीला म्हटलं, ते यासाठीच.

नोंद झाली की गर्दी वाढते. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडवाडीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही आणि दरीच्या कडेला छायाचित्रं काढण्याची चढाओढ चालते. कोवळ्या भाताच्या बांधांवर बाटल्या आणि वेष्टनं पडतात. ती गोळा करायची वेळ वाडीच्या लोकांवर येते. जागतिक दर्जा मिळाला म्हणून वाडीतल्या शेतकऱ्याचं जगणं अवघड होत असेल, तर तो सन्मान अपुरा राहील.

यावर उपाय आपल्या हातातले आहेत. लोणावळ्यात परिषद भरवणाऱ्या संयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेत एक सकाळ मावळासाठी राखून ठेवावी. आधी भाजे, मग गायमुख खिंड, लोहगडवाडी आणि लोहगड. वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी कार्ले आणि बेडसे. पाहुण्यांबरोबर वाडीतला माहितगार घ्यावा आणि त्याचा मोबदला चोख द्यावा. जेवण वाडीतच करावं. शक्यतो आठवड्यातला मधला दिवस निवडावा. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि विंचूकाट्यावर वाऱ्याचा जोर मोठा असतो. तेव्हा तिथे जायचा हट्ट धरू नये. लेण्यांच्या भिंतींवर नावं कोरू नयेत, टाक्यांत कचरा टाकू नये, नेलेलं प्लास्टिक परत आणावं. शाळा-महाविद्यालयांनीही मुलांना केवळ तटावर चढवून आणू नये. खांब का कलले, दरवाजे का वळले, रेल्वे इथूनच का गेली, हे प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावेत.

परिषदेची निमंत्रणं आपल्याला येतच राहतील. पुढच्या वेळी लोणावळ्याचं निमंत्रण आलं की एक दिवस जादा काढा आणि मळवलीला उतरा. लोणावळ्याला जाऊन भाजे आणि लोहगड न पाहता परतणं हे आपल्याच इतिहासाकडे पाठ फिरवणं आहे. ते आता तरी थांबायला हवं.